सकाळी लंगडते, दहा वाजता पळते

डॉक्टर,
माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तीन महिन्यांपासून तिचा उजवा गुडघा सुजलाय. सकाळी उठली की पाय टेकत नाही, कडेवर घे म्हणून रडते. खाली ठेवली तर लंगडते. दहा वाजले की अंगणात पळत असते, म्हणून घरात कोणी मनावर घेत नाही. गावातल्या डॉक्टरांनी आधी मुका मार असेल म्हणून पट्टा बांधला, नंतर वाढीचं दुखणं म्हणाले. तालुक्याला रक्त तपासलं. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाही असं सांगितलं. एएसओ जास्त निघाला म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलंय. दोन झाली, सूज आहे तशीच. सासूबाई म्हणतात म्हाताऱ्या माणसांचं दुखणं लेकराला कसं होईल, दृष्ट लागली असेल. त्या ओळखीच्या एका बाईंकडून पुड्या आणायच्या म्हणतायत. एवढ्याशा पोरीला संधिवात होतो का? पुढे नीट चालेल ना ती? गरोदरपणात माझं काही चुकलं का? मोठा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तोही अधूनमधून रात्री पाय दुखतात म्हणून उठतो. त्यालाही हेच असेल का?
— एक आई, सोलापूर जिल्हा

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, एवढ्या लहान मुलीलाही संधिवात होतो. गुडघा किंवा घोटा अशा एखाद-दुसऱ्या सांध्यापासून सुरू होणारा जो प्रकार मुलांमध्ये दिसतो, तो दोन ते चार वर्षांच्या मुलींमध्येच जास्त आढळतो. पत्रावरून मी निदान करणार नाही, गुडघ्याला हात लावून पाहिल्याशिवाय ते कोणी करूही नये. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तिला लहान मुलांचा संधिवात पाहणाऱ्या डॉक्टरांनी या पंधरवड्यातच तपासायला हवं असं मला ठामपणे वाटतं. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्याही आधी. डोळ्यांचं काय, ते पुढे सविस्तर लिहिलंय. तेवढं वाचल्याशिवाय हे उत्तर बाजूला ठेवू नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती कुठल्याही रिपोर्टमध्ये नाही. ती तुम्ही सहज लिहून गेलात: सकाळी पाय टेकत नाही आणि दहा वाजता पळते. घरातल्यांना यात 'काही विशेष नाही' असं दिसतं, मला यातच आजार दिसतो. सांध्याच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असतं. संधिवातात ते सुजतं, जाड होतं आणि जास्तीचं पाणी तयार करायला लागतं. रात्रभर पाय हलत नाही, त्यामुळे असा सांधा सकाळी आखडलेला असतो. हालचाल सुरू झाली की तासा-दोन तासांत तो मोकळा होतो. माराचं नेमकं उलट असतं. लचकलेला पाय वापरला की जास्त दुखतो आणि संध्याकाळपर्यंत दुखणं वाढतं. शिवाय साडेतीन वर्षांच्या मुलीचा मुका मार तीन महिने टिकत नाही, आठ-पंधरा दिवसांत निवळतो. 'पडली असेल' हे उत्तर पटकन सुचतं, कारण या वयाचं मूल रोजच कुठे ना कुठे पडतं.

आणखी एक. या वयाची मुलं 'गुडघा दुखतो' असं सहसा म्हणत नाहीत. दुखणारी गोष्ट ती करायचीच सोडून देतात. पायऱ्या उतरायला नको म्हणतात, संडासला उकिडवं बसायचं टाळतात, एक पाय लांब ठेवून जेवायला बसतात, काही जणी तर चालायला शिकून वर्ष झालेलं असताना पुन्हा रांगायला लागतात. सकाळी चिडचिड करतात. घरचे म्हणतात लाडावली, कडेवरून उतरत नाही. तुम्ही तिचं रडणं लाड म्हणून उडवून लावलं नाहीत, आणि आज तिच्या बाजूने हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आता एक काम उद्याच करा. सकाळी ती अंथरुणातून उठेल तेव्हा मोबाईलवर तिचा व्हिडिओ घ्या. उठताना, पहिली पावलं टाकताना, जमलं तर पायरी उतरताना. दहा वाजता ती पळते तेव्हाचाही घ्या. याचं कारण अगदी साधं आहे. दवाखान्यात तुमचा नंबर येईपर्यंत दुपारचे बारा वाजतात, तोवर तिचा सांधा मोकळा झालेला असतो आणि डॉक्टरांसमोर ती छान चालून दाखवते. मग 'हिला काही नाही' असं म्हणून परत पाठवणं सोपं होतं. एसटीत दोन तास बसून उतरल्यावर ती पहिली दहा पावलं कशी टाकते तेही पाहा. बराच वेळ एका जागी बसल्यावरही असा सांधा पुन्हा आखडतो.

गुडघा कसा पाहायचा तेही सांगते. तिला पाठीवर झोपवा, दोन्ही पाय सरळ करा. वाटीच्या दोन्ही बाजूंना एरवी छोटे खळगे दिसतात. पाणी भरलेलं असलं की ते बुजतात आणि गुडघा गोल दिसतो. हाताची पालथी बाजू आधी डाव्या, मग उजव्या गुडघ्यावर ठेवा. उजवा कोमट लागेल. लाल मात्र बहुधा नसेल, आणि लाली नाही म्हणून सूज नाही असं समजू नका. तिचा पाय पूर्ण सरळ होतो का, की गुडघ्याखाली थोडी पोकळी राहते? दोन्ही मांड्या शेजारी-शेजारी पाहा. जो पाय ती वाचवून चालते, त्या मांडीचा स्नायू काही आठवड्यांतच बारीक दिसायला लागतो. तिचे घोटे, मनगटं आणि बोटंही एकदा नजरेखालून घाला. तोंड पूर्ण उघडते का, घास मोठा झाला की त्रास होतो का तेही बघा. जबड्याच्या सांध्यातली सूज बाहेरून दिसत नाही आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता रिपोर्टबद्दल. इथे तुमची फार दिशाभूल झाली आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. वयाच्या सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली सांध्याची सूज, जिला दुसरं कुठलंच कारण सापडत नाही, तिला डॉक्टर मुलांचा संधिवात म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'जेआयए'. या व्याख्येत रक्ताचा एकही रिपोर्ट नाही. आरए फॅक्टर ही मोठ्या माणसांच्या संधिवातासाठी उपयोगी पडणारी तपासणी आहे. संधिवात असलेल्या १०० मुलांपैकी जेमतेम पाचेक मुलांत ती पॉझिटिव्ह येते, आणि तीही बहुतेक करून दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुली असतात. बाकी सगळ्यांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत निगेटिव्ह रिपोर्टने काहीच सिद्ध झालं नाही. एकाच गुडघ्याला सूज असेल तर ईएसआर आणि सीआरपी हे सूज दाखवणारे आकडेही नॉर्मल येऊ शकतात. सुजलेला गुडघा डोळ्यांना दिसत असताना कागदावर तो नाही म्हणून सोडून देणं चूक आहे.

एएसओचा अर्थ एवढाच, की मागच्या काही महिन्यांत तिच्या घशाला विशिष्ट जिवाणूचा संसर्ग होऊन गेला. अंगणवाडी-शाळेतल्या कितीतरी धडधाकट मुलांचा एएसओ वाढलेला असतो. तिथून डॉक्टरांना ऱ्हुमॅटिक फिव्हरची, म्हणजे घशाच्या अशा संसर्गानंतर होणाऱ्या तापाच्या आजाराची, शंका आली असणार. हा आजार हृदयाच्या झडपा खराब करतो, आपल्याकडे तो अजूनही दिसतो, म्हणून शंका घेणं गैर नाही. पण त्याचं सांध्यांचं दुखणं वेगळं असतं. तो प्रामुख्याने ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. आज एक गुडघा, दोन दिवसांनी तो बरा होऊन दुसरा घोटा, मग मनगट, अशी सूज फिरत जाते. वेदना एवढ्या असतात की मूल पांघरुणाचाही स्पर्श सहन करत नाही. काही आठवड्यांत सांधे पूर्ववत होतात. एकच गुडघा तीन महिने सुजून बसणं हे त्याचं लक्षण नव्हे. तरीही माझं उत्तर वाचून इंजेक्शन परस्पर बंद करू नका. तिच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, झाली आहे का ते पाहा. झाली नसेल तर करून घ्या, आणि इंजेक्शनचा निर्णय नव्या डॉक्टरांवर सोडा. नुसत्या एएसओवरून एखाद्या मुलाने वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी सुई सोसावी, आणि तेवढ्या काळात खरा आजार सांधा खात राहावा, असं व्हायला नको.

दुसरं कारण नाही ना, हे पाहणं मात्र अत्यावश्यक आहे. आपल्या भागात एकच सांधा दीर्घकाळ सुजला तर क्षयाचा विचार करावाच लागतो. त्यासाठी मॅन्टू म्हणजे क्षयासाठी हातावर करतात ती कातडीची चाचणी, छातीचा आणि गुडघ्याचा एक्स-रे, लागलं तर एमआरआय किंवा सांध्यातलं पाणी काढून तपासणी करतात. रक्ताच्या कर्करोगातही मुलांचे सांधे आणि हाडं दुखतात. मूल फिकं पडतं, रात्री दुखण्याने उठतं, अंगावर काळे-निळे डाग येतात, आणि सूज थोडी असली तरी वेदना फार असतात. तुमच्या पत्रात मुलीबद्दल यातलं काही नाही, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. पण यासाठीच पेशींची मोजणी आणि रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली, नीट पाहिल्याशिवाय कुणीही तिला स्टिरॉइडच्या गोळ्या देऊ नयेत. त्या गोळ्यांनी सूज उतरते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि मागे दुसरा आजार असेल तर तो झाकला जातो.

सासूबाईंच्या त्या पुड्यांबद्दल माझा आग्रह याच कारणाने आहे. नाव नाही, कंपनी नाही, आत काय आहे ते छापलेलं नाही, अशी कुठलीही पुडी तिच्या पोटात जाऊ देऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. दोन दिवसांत गुडघा उतरतो, गावभर कीर्ती होते. मग चेहरा गोल होतो, उंची खुंटते, आणि पुडी अचानक थांबवली तर मुलीच्या जिवावर बेतू शकतं. सासूबाईंशी भांडू नका. त्यांनाही नात बरी व्हायला हवी आहे. दृष्ट काढायची तर काढू द्या, त्याने मुलीचं काही बिघडत नाही. फक्त तोंडावाटे जे जाईल ते डॉक्टरांना दाखवून. आणि 'म्हाताऱ्यांचं दुखणं' म्हणाल्या तर त्यांना सांगा, की जॉर्ज स्टिल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८९७ साली लंडनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या २२ मुलांचे सांधे तपासून हा आजार मोठ्यांच्या संधिवाताहून वेगळा आहे असं लिहून ठेवलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच डॉक्टरांना हे माहीत झालं होतं. आज ढोबळमानाने हजार मुलांत एकाला तो असतो असं धरतात. तुमच्या तालुक्यातही ही एकटीच मुलगी नसेल.

आता डोळे. एक-दोन सांध्यांचा संधिवात असलेल्या लहान मुलींना डोळ्याच्या आत सूज येण्याचा धोका असतो. ही सूज चोरपावलांनी येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही, मुलगी काही तक्रार करत नाही. एका डोळ्याची नजर कमी झाली तरी दुसऱ्याने तिचं भागतं, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला सांगताही येत नाही. घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा बाहुली वेडीवाकडी झालेली असते, बुबुळावर पांढरट पट्टा आलेला असतो, मोतीबिंदू किंवा काचबिंदू सुरू झालेला असतो. गुडघ्याने कुणाचा जीव जात नाही, पण या सूजेने मुलींची नजर गेली आहे. आणि वेळेत सापडली तर डोळ्यात घालायच्या थेंबांपासून उपचार सुरू होतात आणि नजर वाचते. एवढा हा फरक आहे.

सूज ओळखायला स्लिट लॅम्प नावाचं यंत्र लागतं. बॅटरी मारून किंवा अक्षरांचा तक्ता वाचायला लावून ती दिसत नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर 'डोळे ठीक आहेत का' एवढंच विचारू नका. 'हिच्या गुडघ्याला तीन महिने सूज आहे, मुलांच्या संधिवाताची शंका आहे, स्लिट लॅम्पवर डोळ्याच्या आत सूज आहे का ते पाहा आणि लिहून द्या' असं स्पष्ट सांगा. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात ही तपासणी होऊ शकते, खाजगी नेत्रतज्ज्ञांकडेही हे यंत्र असतं. तिला मांडीवर घेऊन हनुवटी यंत्रावर टेकवायला लावावी लागेल. घरी आधी खेळ म्हणून सराव करून घ्या. आजची तपासणी चांगली आली तरी ती दर तीन महिन्यांनी पुन्हा करायची असते, गुडघा पूर्ण बरा झाला तरीही. डोळ्याचा आजार गुडघ्याच्या तालावर चालत नाही. रक्तात एएनए नावाची तपासणी करतात, ती पॉझिटिव्ह आली तर डोळ्यांचा धोका जास्त धरतात. पण एएनए निरोगी मुलांतही पॉझिटिव्ह येतो, म्हणून त्याने निदान होत नाही, डोळे किती वेळा तपासायचे एवढंच ठरवायला मदत होते.

'पुढे नीट चालेल ना?' तुमचा हा प्रश्न मी दोनदा वाचला. वेळेत उपचार झाले तर अशा एका-दोन सांध्यांच्या प्रकारातल्या बहुतेक मुली चालतात, पळतात, शाळेच्या स्पर्धेत भाग घेतात, पुढे नोकरी-संसार करतात. बऱ्याच जणींचा आजार काही वर्षांत शांत होतो आणि औषधं थांबतात. काहींचा मधूनमधून डोकं वर काढतो. काहींमध्ये तो नंतर आणखी सांध्यांत पसरतो, म्हणून बरं वाटलं तरी तपासण्या सोडायच्या नाहीत. उपचार केलेच नाहीत तर मात्र गुडघा वाकलेला राहतो, मांडी बारीक होते. आणखी एक अडचण बऱ्याच जणांना माहीत नसते. सुजलेल्या गुडघ्याजवळचं हाड जास्त रक्तपुरवठ्यामुळे भरभर वाढतं, त्यामुळे आजारी पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो. लांब पाय बरोबरीला आणायला मूल गुडघा वाकवून चालतं आणि तो आणखी आखडतो. तीन महिन्यांत हे एवढं झालेलं नसतं. म्हणूनच मी घाई करतेय.

उपचारांची साधारण कल्पना देते, म्हणजे डॉक्टर सांगतील तेव्हा ऐकून धस्स होणार नाही. सुरुवातीला बहुधा सूज उतरवणारं औषध देतात, नेप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेनसारखं. ते उपाशीपोटी द्यायचं नाही आणि दुखलं की एक असं न देता ठरलेल्या वेळी द्यायचं. एकाच गुडघ्याला सूज असेल तर सांध्यातलं पाणी काढून आतच स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याचा उपाय फार चांगला आहे. क्षय नाही याची खात्री करूनच ते देतात. लहान मुलीला थोडं भुलीचं औषध देऊन हे करतात, ती बहुधा त्याच दिवशी घरी येते आणि त्याचा परिणाम बऱ्याचदा कित्येक महिने टिकतो. 'स्टिरॉइड' ऐकून नाही म्हणू नका. हे औषध गुडघ्यातच राहून काम करतं, रोजच्या गोळ्यांसारखं सगळ्या अंगावर परिणाम करत नाही. सुईच्या जागी कातडीला छोटी खळी किंवा फिकट डाग राहू शकतो, एवढंच.

सूज परत-परत आली किंवा सांधे वाढले, डोळ्यात सूज सापडली, तर मेथोट्रेक्सेट सुरू करतात. हे औषध कर्करोगातही वापरतात असं तुम्हाला औषधाच्या दुकानात किंवा मोबाईलवर कुणीतरी सांगेल. संधिवातासाठी त्याचा डोस त्याच्या मानाने फार लहान असतो आणि मुलांसाठी ते जगभर वापरलं जातं. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज दिलं गेलं तर जीव धोक्यात येतो, आणि अशा चुका होतात. म्हणून वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, घरात एकाच माणसाच्या हाती ते काम ठेवा. शनिवारी रात्री दिलं तर मळमळ झाली तरी रविवार घरी जातो. सोबत फोलिक ॲसिड असतं. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर धरा. ठराविक काळाने रक्त तपासावं लागतं. याच्याही पुढची, बायोलॉजिक म्हणतात ती इंजेक्शनं आहेत. ती महाग आहेत, पण बहुतेक मुलींना त्यांची गरज पडत नाही. मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी लसींचं कार्ड डॉक्टरांना दाखवा. गोवर-रुबेला, कांजिण्या आणि पोलिओचे थेंब अशा जिवंत लसी कधी द्यायच्या ते आधीच ठरवावं लागतं. नंतर घराजवळ कुणाला कांजिण्या झाल्या आणि ती त्या मुलासोबत खेळली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

कुठे जायचं? 'पीडियाट्रिक रुमॅटॉलॉजिस्ट' म्हणजे मुलांच्या संधिवाताचे डॉक्टर आपल्याकडे मोजकेच आहेत, बहुतेक मुंबई-पुण्यात. मुंबईत परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात हा विभाग आहे. तेवढं लगेच जमणार नसेल तर सोलापुरातल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, निदान झाल्यावर पुढचे महिने तेच तिला पाहू शकतील. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, कुठले उपचार योजनेत बसतात ते त्याला विचारा. सोबत रेशनकार्ड, सगळे जुने कागद आणि मोबाईलमधले व्हिडिओ न्या.

तोवर घरी काय करायचं ते सांगते. पट्टा सोडा. बांधून ठेवलेला गुडघा आखडतो आणि मांडी बारीक होते. प्लॅस्टर तर नकोच. सकाळी उठल्या-उठल्या कोमट पाण्याने अंघोळ घाला, पाय लवकर मोकळा होतो. तेल हलक्या हाताने लावलं तर चालेल, सुजलेला गुडघा दाबून चोळू नका आणि हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. रात्री गुडघ्याखाली उशी ठेवू नका. तिला बरं वाटतं म्हणून आया ती ठेवतात, पण पाय तसाच वाकलेला राहायला लागतो. खेळू द्या. तीन चाकी सायकल उत्तम. जमेल तेवढं खेळेल, थकली की आपोआप बसेल, तिला 'पळू नको' म्हणून थांबवू नका. अंगणवाडीताईंना सांगा की हिला तासभर मांडी घालून बसवू नका, मधे उठू द्या, आणि सकाळी उशीर झाला तर रागावू नका. खाण्याचं कुठलंही पथ्य नाही. ताक, दही, चिंच, वांगं यांनी हा आजार होत नाही आणि बंद केल्याने जात नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीचं जेवण तोडलं तर ती फक्त अशक्त होईल.

आणि तिला अचानक ताप भरला, गुडघा लालबुंद, कढत झाला, पायाला हात लावू देत नाही असं झालं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयात न्या. सांध्यात पू झाला असेल तर तासा-तासाने नुकसान होतं. इतर वाचकांसाठी एक ओळ: मुलाला दोन-तीन आठवडे रोज साधारण ठराविक वेळी जोराचा ताप येतो, तापासोबत अंगावर गुलाबी पुरळ येतं आणि ताप उतरला की जातं, सांधे दुखतात, तर हाही मुलांच्या संधिवाताचाच एक प्रकार असू शकतो. त्यात सूज नंतर दिसते, आणि तो या मुलीच्या प्रकारापेक्षा गंभीर आहे.

गरोदरपणात तुमचं काही चुकलं नाही. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यावर उलटते. ती नेमकी कशाने उलटते ते अजून कुणालाही पूर्ण कळलेलं नाही, पण आईने काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, बाळाला थंड हवा लागली का, याच्याशी त्याचा संबंध नाही. कुणी पुन्हा म्हणालं तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

राहिला तुमचा मोठा मुलगा. त्याचं दुखणं बहुधा वेगळं आहे. तीन ते बारा वर्षांच्या कितीतरी मुलांचे पाय संध्याकाळी किंवा रात्री दुखतात. दोन्ही पाय, पोटऱ्या, नडगी, मांड्या. चोळलं की बरं वाटतं, मूल झोपून जातं, आणि सकाळी उठून उड्या मारत शाळेत जातं. सूज नाही, लंगडणं नाही. याला 'वाढीचं दुखणं' म्हणायला हरकत नाही, आणि ते तेल लावून, पाय दाबून, दिवसा भरपूर खेळलेल्या दिवशी थोडं लवकर झोपवून निभावतं. तुमच्या मुलीला लावलेलं हे नाव खरं तर त्याला लागू पडतं. पण भावंडांत हा आजार क्वचितच दिसत असला, तरी सहा वर्षांपुढच्या मुलग्यांमध्ये संधिवाताचा एक प्रकार आपल्याकडे बराच आढळतो. त्यात टाच दुखते, मागची शीर जिथे टाचेला मिळते तिथे दाबलं तर मूल ओरडतं, सकाळी उठताना कंबर धरते. तुमच्या पत्रात त्याच्या टाचेचा उल्लेख नाही. एकदा दाबून बघा आणि सकाळी कंबर आखडते का ते विचारा. तसं काही असेल, किंवा दुखणं कायम एकाच पायात असेल, तर बहिणीला न्याल त्याच दिवशी त्यालाही सोबत न्या.